पगार मागितला तर मशीन येईल का?





गेल्या काही महिन्यांत वाशिंदच्या आसपासच्या वाड्यांमध्ये एकच प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. पडघा-भिवंडीकडच्या गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या मुली, नाशिक हायवेवरच्या ढाब्यांवर भांडी घासणारी पोरं, कल्याण-ठाण्याच्या सोसायट्यांत झाडलोट करायला पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या बाया, या सगळ्यांना ठेकेदार एकच गोष्ट ऐकवत असतो : "पगार वाढवून मागाल तर शेठ मशीन आणेल. मग बसा घरी." आणि त्या मला विचारतात, "ताई, खरंच असं होईल का?"

हा प्रश्न झिडकारून टाकण्यासारखा नाही. ज्याच्या घरात आठवड्याचेच धान्य असते, त्याला काम जाण्याची भीती खरीच असते. म्हणून या वेळी आपल्या वसतिगृहाचा किंवा आरोग्य शिबिरांचा वृत्तांत न देता या एकाच प्रश्नाचे उत्तर सोप्या शब्दांत मांडते.

किमान वेतन म्हणजे काय?

आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. कामाच्या प्रकाराप्रमाणे अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा पायऱ्या धरून सरकार एक मूळ दर ठरवते. महागाई वाढेल तसा त्यावरचा विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो. त्या दराच्या खाली पगार देणे बेकायदा आहे, मग कामगार स्वतः कमी पगाराला तयार असला तरीही.

आता हा कायदा वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी किमान वेतन फक्त सरकारच्या यादीतल्या उद्योगांना लागू होते. नव्या संहितेत ते सर्व कामगारांना लागू होते. जादा वेळ काम केल्यास दुप्पट दर, पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार आणि बुडालेल्या पगाराचा दावा करायला तीन वर्षांची मुदत, या गोष्टीही तिच्यात आहेत. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने मिळत. वीटभट्टीवरून परतेपर्यंत अर्धी मुदत संपलेली असे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. माणूस गरजेपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबतो, तेव्हा ती संविधानाच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली वेठच होय. भूक हीसुद्धा बळजबरी असते, हे न्यायालयाने मान्य केले.

आपल्या ठाणे जिल्ह्याला हा विषय नवा नाही. वाशिंदपासून दोनच स्टेशनांवर असलेल्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर डहाणू, उंबरगाव, तलासरीकडच्या वारली लोकांनी वेठीविरुद्ध लढा उभारला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही त्यांची मागणी होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. किमान मजुरी हा शब्द इथे रक्त सांडून आलेला आहे.

आपल्या भागात मशीन कशी आली?

आता ठेकेदाराच्या धमकीकडे येऊ. मजुरी वाढली म्हणून मशीन येते, असे त्याचे म्हणणे. आपल्या शहापूर-मुरबाड भागात ज्या कामांत खरोखर मशीन आली, ती कामे एकेक करून पाहू.

पहिले काम टोलनाक्याचे. हायवेवरच्या टोलनाक्याच्या प्रत्येक खिडकीत पूर्वी पाळीपाळीने माणूस बसायचा. जवळपासच्या गावांतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलांना ती नोकरी मिळायची. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि पैसे घेणाऱ्या हातांची गरज कमी झाली. यामागे मुलांचा पगार हे कारण नव्हते. गाड्यांच्या रांगा, वाया जाणारे डिझेल आणि रोकड पैशातली गळती ही कारणे होती.

दुसरे काम विटांचे. आपली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्ट्या आजही पेटतात. पण मुंबई-ठाण्याच्या टॉवरांत आता लाल विटेची जागा मशीनवर बनलेल्या हलक्या ठोकळ्यांनी घेतली आहे. गवंडी त्यांना सिपोरेक्स म्हणतात. ठोकळा हलका, त्याने भिंत लवकर उभी राहते. शिवाय कोळशावरच्या वीजकेंद्रांतली राख बांधकामाच्या साहित्यात वापरावी, असे नियम केंद्र सरकारने १९९९ पासून केले आहेत. यात भट्टीवरच्या मजुरीचा संबंध कुठे आहे? हजार विटांमागे ठरलेल्या दरावर नवरा, बायको आणि मुले राबतात, उचल फिटता फिटत नाही, इतकी स्वस्त मजुरी दुसरीकडे सापडणे कठीण. ती स्वस्ताई त्यांच्या विटेला वाचवू शकली नाही.

तिसरे काम मातीचे. तलाव, बांध, रस्ते ही पूर्वी शंभर शंभर माणसांची कामे असत. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली ती याच कामांवर. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर ठेकेदार नको आणि शक्यतो माणसांचे काम हिरावणारी यंत्रे नकोत, असे लिहिले गेले. पण त्या योजनेबाहेरच्या कामांवर आज सगळीकडे जेसीबी दिसतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. एवढ्या मजुरीने घाबरून कोणी जेसीबी आणलेला नाही. ठेकेदाराला पावसाआधी बिल काढायचे असते म्हणून तो येतो.

तिन्ही ठिकाणी मजूर स्वस्तच होता, आणि तरी मशीन आली.

एक साधा हिशेब

हे असे का होते ते समजायला मी वाड्यांवरच्या बैठकीत खडूने एक हिशेब मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा, एका मोठ्या मॉलची फरशी चार बाया पुसतात. प्रत्येकीला महिना १०,००० रुपये, म्हणजे एकूण ४०,०००. फरशी पुसण्याची मशीन ३ लाखांची आहे आणि पाच वर्षे चालते, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये पडले. वीज, ब्रश, दुरुस्ती धरून आणखी ३,०००. ती चालवणाऱ्याला १२,०००. एकूण २०,०००.

आता बायांनी काम टिकवण्यासाठी पगार कमी करून घ्यायचा ठरवला, तर किती कमी करावा लागेल? प्रत्येकीने ५,००० रुपयांवर यावे लागेल. पास, चहा आणि मुलाला सांभाळणाऱ्या शेजारणीचे पैसे वजा केले तर हातात काय उरते? आणि पुढच्या वर्षी मशीन आणखी स्वस्त झाली, म्हणजे? मशीनशी कमी पगाराची शर्यत लावली तर माणूस हरणारच, कारण मशीनला पोट नाही.

त्याच मॉलच्या बाजूला चार मजली जुनी इमारत आहे. अरुंद जिने, वर-खाली पायऱ्या, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या आकाराचा संडास. तिथे ही मशीन चालत नाही. तिथल्या बाईचा पगार १०,००० वरून १३,००० केला तरी तिच्या जागी मशीन येणार नाही. तिची भीती अनाठायी आहे, आणि ठेकेदाराला ते माहीत आहे.

या दोन्हींच्या मधली काही कामे असतात, हे मी लपवत नाही. तिथे पगार थोडा वाढला की मालक मशीनचा विचार आधी करतो. गोदामातले एकाच मापाचे खोके एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर ठेवणे हे तसे काम आहे. अॅमेझॉन कंपनीने २०१२ मध्ये गोदामात यंत्रमानव फिरवणारी एक कंपनीच विकत घेतली. भिवंडीच्या गोदामांना हे वारे लागणारच. पण काम जाणार की राहणार हे मुख्यतः काम कशा प्रकारचे आहे त्यावर ठरते. पगाराचा भाग त्यात लहान असतो.

एकच टेम्पो

अर्थशास्त्रज्ञांनाही पूर्वी वाटायचे की किमान वेतन वाढले की नोकऱ्या घटतातच. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची बर्गर विकणारी दुकाने तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहीत. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण अशा अभ्यासांसाठी कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

यामागचे एक कारण आपल्या वाडीवरच्या कोणालाही चटकन कळेल. सकाळी वाडीच्या फाट्यावर एकच टेम्पो येतो. दुसरा मालक नाही, दुसरी गाडी नाही. मग टेम्पोवाला म्हणेल तो दर. काम त्याहून जास्त किमतीचे असते, तरी बाईला कमीच मिळते. अशा ठिकाणी कायद्याने दर वाढवला तर मालकाचा नफा थोडा घटतो, पण त्याला माणसे लागतातच. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांची गोष्ट बहुतेक वेळा या एकाच टेम्पोची असते.

कोणती कामे राहतील?

आपल्या केंद्रावर मुलामुलींना काय शिकवायचे, हे ठरवताना मी आता हेच पाहते. सपाट जागेवर, एकाच मापाचे, दिवसभर तेच ते काम असेल तर ते पुढे टिकेल याची खात्री नाही. हात, डोळे आणि माणुसकी तिन्ही लागतात ती कामे टिकतील : आजारी व वृद्धांची सेवा, स्वयंपाक, नळ आणि विजेची दुरुस्ती, मोटारसायकल आणि शेतीपंपाची कामे. आणि ज्या मशीनची भीती वाटते तिची दुरुस्तीसुद्धा. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. राखीव जागेवर प्रवेश घ्यायला जातीचा दाखला लागतो, आणि कित्येक कातकरी मुलांचे पाऊल त्या एका कागदाशी अडते. म्हणून प्रांत कार्यालयाच्या फेऱ्या मारणे हासुद्धा आपल्या सेवेचाच भाग आहे.

शास्त्र काय शिकवते?

मत्तयाच्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आपण देवाच्या कृपेविषयी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण कल्याणच्या मजूर नाक्यावर उभे राहून तो वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. दिवस मावळेपर्यंत चौकात उभी असलेली माणसे आळशी नव्हती. त्यांना कोणी कामावर घेतले नव्हते. आणि धन्याने त्यांना तासांच्या हिशेबाने न देता पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण घरची चूल तासांच्या हिशेबाने पेटत नाही. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी चुकता करण्याची आज्ञा आहे. मोशेच्या काळी किमान वेतन हा शब्द नव्हता, पण त्यामागचा विचार देवाने तेव्हाच दिला होता.

आपण काय करू शकतो?

प्रियांनो, हा लेख फक्त ठेकेदारांविषयी नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांत राहतो. सफाईचे आणि वॉचमनचे कंत्राट देताना तीन कोटेशने येतात आणि सभेत सगळ्यांत कमी रकमेवर हात वर होतात. ती रक्कम कमी कशी झाली? ती आमच्या वाडीतल्या बाईच्या पगारातून कापलेली असते. म्हणून नम्र विनंती :

• कंत्राट मंजूर करण्याआधी एवढेच विचारा : प्रत्येक कामगाराला महिना किती मिळणार, आणि तो पगार बँकेत जमा होणार का?

• आपल्या मंडळीत, शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्या झाडूवाल्याला आणि राखणदाराला किमान वेतन मिळते का, ते पास्टरेट कमिटीत विचारा. आपणच पहिला दगड उचलायचा तर आधी आपले अंगण पाहू या.

• सोसायटीत कॅमेरे लावून वॉचमन कमी करायचे असतील, तर त्याला आधी वेळेवर सांगा आणि शक्य असल्यास दुसरे काम शिकायला मदत करा. मशीन आणणे पाप नाही. माणसाला रातोरात रस्त्यावर टाकणे अन्याय आहे.

• एका मुलाच्या आयटीआयच्या वर्षाचा प्रवास आणि जेवणाचा खर्च उचलणे, ही आज या भागात फार मोठी मदत ठरेल.

वाड्यांवर आम्ही आता प्रत्येक बाईला एक छोटी वही देतो. तिच्यात ती कामाचे दिवस, तास आणि मिळालेले पैसे लिहिते. लिहिता येत नसेल तर मुलगी लिहून देते. दावा करायचा झाला तर कागद लागतो. आणि ठेकेदार पुन्हा म्हणाला की "मशीन आणीन", तर काय म्हणायचे तेही आम्ही बैठकीत बोललो आहोत : "आणायची तेव्हा आणा, दादा. तोवर कायद्याचा पगार द्या."

प्रार्थनेसाठी विषय

१. गोदामांत व हायवेवर काम करणाऱ्या आदिवासी तरुण-तरुणींच्या सुरक्षिततेसाठी आणि न्याय्य मजुरीसाठी.

२. यंदा वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांसाठी, आणि त्यांच्यासोबत गेल्यामुळे शाळा सुटलेल्या मुलांसाठी.

३. मालक व ठेकेदार यांच्या अंतःकरणासाठी, आणि त्यांत आपल्या स्वतःच्याही.

आपली प्रभूच्या सेवेतील बहीण,
वाशिंद केंद्र