पाच तारे नकोत, चूक दाखवा

बेळगावात आमच्या शेजारची सून बिबिंका आणि दोदोल ऑनलाइन विकते. परवा म्हणाली, "सर, मैत्रिणीच्या दुकानाला गिऱ्हाईक म्हणून मी पाच तारे देणार, ती माझ्या दुकानाला."

मी म्हटलं, "म्हणजे पेपर न तपासताच पैकीच्या पैकी! शिवाय विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे."

मग दोघींना समोरासमोर बसवलं. "दुकान कसं वाटलं?" असं मोघम विचारायचं नाही. वजन, किंमत, टपालखर्च लगेच कळतो का, असं नेमकं विचारायचं. मैत्रीण म्हणाली, "फोटो झकास, पण बिबिंक्यात अंडी असतात हे कुठंच लिहिलेलं नाही. कुणा शाकाहारी माणसानं मागवला तर?"

सूनबाईचा चेहरा उतरला. पण संध्याकाळपर्यंत तिने ते ठळक लिहिलं.

जन्मभर वह्या तपासल्या. नुसत्या 'छान' शेऱ्याने कुणी सुधारल्याचं आठवत नाही. तेव्हा नाताळच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींनो, खरं बोलणारी एक तरी मैत्रीण जोडा. आणि तिची चूक दिसली तर चारचौघांत नको, तिला एकटीला सांगा.