दोन घड्याळं, एक सूर

यूएसबी माइक संगणकाला जोडला की क्षणभरात तो वापरायला तयार होतो. ना सीडी लागते, ना काही डाउनलोड करावं लागतं. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागची कारागिरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती पाहायची तर लिनक्सचा ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ हा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला अशा उपकरणांशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, उघडावा, कारण त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. ताकाशी इवाई यांनी तो २००२ मध्ये लिहायला घेतला. अ‍ॅलन कॉक्स आणि थॉमस सेलर यांच्या आधीच्या ड्रायव्हरमधून बरंच घेतल्याचं त्यांनी फाइलच्या माथ्यावरच नोंदवलं आहे. हा प्रांजळपणा मला फार आवडतो.

जोडल्याबरोबर उपकरण आपली ओळख सांगतं: बनवणाऱ्याचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक, आपण ध्वनीच्या वर्गातले असल्याची खूण. मग येतो आतला नकाशा. आवाज कुठून शिरतो, कुठे कमी-जास्त होतो, कुठून बाहेर पडतो, हे सगळं त्यात असतं. पडद्यावरची आवाजाची पट्टी या नकाशावरूनच तयार होते. ही बोली १९९८ मध्ये ठरली, म्हणून हजारो उपकरणांना एक ड्रायव्हर पुरतो.

खरी कसोटी लागते ती वेळेची. जयपूरच्या खातीपुऱ्यात राहून कोल्हापूरच्या गुरूंकडे जयपूर-अत्रौली गायकी शिकणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. अल्लादिया खाँसाहेबांनी (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयाने ही गायकी कोल्हापुरात रुजवली, आणि तिथून ती आज पुन्हा जयपूरच्या घरात ऐकू येऊ शकते. मुलगी यूएसबी हेडफोन लावून गुरूंचं रेकॉर्डिंग ऐकते आहे. मागे तानपुरा अखंड वाजतो आहे. त्यात बारीकशी फट पडली तरी कानाला ‘टक्’ असं जाणवतं.

जुन्या, १२ मेगाबिट वेगाच्या यूएसबीवर आवाज दर मिलिसेकंदाला एका पॅकेटमधून जातो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणीची मापं, आणि या आकड्याला हजाराने पूर्ण भाग जात नाही. म्हणून ड्रायव्हर नऊ पॅकेटांत ४४-४४ नमुने भरतो आणि दहाव्यात ४५. शिवाय हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायची सोय इथे नाही. फाइलच्या नकलेत थोडा उशीर चालतो, पण सुरात उशिरा आलेला नमुना निरुपयोगीच.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे संगणकाचं घड्याळ वेगळं आणि हेडफोनच्या डबीतल्या स्फटिकाचं वेगळं. समजा, दोघांत दहा हजारात एका भागाचा फरक आहे. ४८,००० नमुन्यांच्या वेगाने सेकंदाला जवळपास पाच नमुन्यांची तफावत पडते. वाजण्याची वाट पाहणारा दहा मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८० नमुन्यांचा साठा शंभर सेकंदांत रिकामा होतो, किंवा ओसंडून वाहतो. यावरचा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. चांगलं उपकरण ड्रायव्हरला सतत कळवत राहतं की मी आत्ता अमुक वेगाने नमुने संपवतो आहे. त्याप्रमाणे ड्रायव्हर पुढच्या पॅकेटात एखादा नमुना जास्त किंवा कमी घालतो. म्हणजे लय धरतो हेडफोन, आणि संगणक त्याच्या मागून चालतो.

हा निरोप कोणत्या आकड्यांत द्यायचा याचे नियम आहेत, पण सगळी उपकरणं ते पाळत नाहीत. म्हणून ड्रायव्हर पहिला आकडा आला की तो अर्थपूर्ण होईपर्यंत मागे-पुढे सरकवून पाहतो आणि ते माप पुढे लक्षात ठेवतो.

अशा विक्षिप्त उपकरणांसाठी कोडमध्ये वेगळी फाइलच आहे: ‘क्वर्क्स’. एखाद्याला नमुन्यांचा वेग विचारलेला सोसत नाही, एखाद्याला दोन आज्ञांच्या मध्ये उसंत लागते. मॉडेलच्या क्रमांकासमोर त्याची खोड आणि उपाय लिहून ठेवलेला असतो. ही यादी वर्षानुवर्षं वाढते आहे.

ध्वनिवर्गाची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली. डॅनियल मॅक यांच्या कामामुळे लिनक्सला ती २०१० मध्ये समजू लागली. विंडोजमध्ये तिच्यासाठी अंगभूत ड्रायव्हर यायला २०१७ उजाडलं, आणि तोवर तिथे प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागे. एवढा उशीर व्हायला नको होता.

आता तर ड्रायव्हर सुरू करतानाच एखाद्या उपकरणासाठी कोणता उपाय वापरायचा हे बाहेरून सांगता येतं, कोड पुन्हा बांधावा लागत नाही. घरातला रुसलेला माइक त्याने बोलू लागला, तर तेवढी एक ओळ सांभाळणाऱ्यांना पाठवावी. ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, गेली की पुढच्या आवृत्तीपासून तसा प्रत्येक माइक आपोआप चालतो.