विद्यार्थ्यांचे उद्योग आणि बीजभांडवलाची व्यवस्था

आजच्या विषयाचे नाव जरा भारदस्त आहे. विषय मात्र आपल्या घरातला आहे. कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला काही नवी वस्तू करून पाहण्याची आणि त्यातून पुढेमागे धंदा उभारण्याची इच्छा असते. त्यासाठी संस्थेने, सरकारने अथवा एखाद्या दानशूर गृहस्थाने परतफेडीची अट न घालता जी लहानशी रक्कम द्यावयाची, ती बीजभांडवलाची पहिली पायरी होय. असा पैसा हल्ली पूर्वीपेक्षा अधिक मिळू लागला आहे. परंतु तो कसा द्यावा, त्याचा हिशेब कसा ठेवावा आणि बुडाला तर काय करावे, याचा विचार आपल्याकडे कमी होतो. या व्यवस्थेतील एखादी साधी अट चुकली, तर पैसा खर्च होतो आणि तरीही गरजू विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही. ते कसे, हेच मला सांगावयाचे आहे.

कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून देशी उद्योगांसाठी निधी उभारण्याची खटपट केली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला, आणि परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याचे काम पाहिले. त्या कारखान्यात माल तयार होई, तसे कारागीरही तयार होत. म्हणजे लोकांचा पैसा नुसता वाटून टाकला गेला नाही. त्यातून भट्टी उभी राहिली आणि तिच्यावर शिकणाऱ्यांचा हात बसला. एक पैसा देणारा माणूसही हिशेब विचारू शकतो, ही जाणीव अशा फंडाच्या मुळाशी असावी लागते.

आपल्या गावातले उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. 2015 च्या सिंहस्थापूर्वी, 2014 पासून, मूळचे नाशिककर व अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने येथे 'कुंभथॉन' नावाची शिबिरे भरली. गर्दी, आरोग्य, निवास अशा मेळ्याच्या अडचणींवर विद्यार्थी उपाय शोधू लागले. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले होते, हे आपण विसरलेलो नाही. पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई आपल्याच शहरातील शाळकरी वयाच्या मुलाने साथीदारांसह तयार केली. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्रही नाशिकला निघाले. कल्पना सुचण्यास दोन दिवसांचे शिबिर पुरते; पण ती वस्तू घाटावरच्या पावसात आणि चिखलात टिकेल अशी करण्यास कित्येक महिने लागतात. या महिन्यांचा खर्च हाच बीजभांडवलाचा खरा प्रांत होय.

सरकारी योजना आहेत, हे मान्य. 2021 साली केंद्र सरकारने स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना 945 कोटी रुपयांची तरतूद करून सुरू केली. वस्तूचा नमुना करून त्याची चाचणी घेण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत रक्कम कर्जाच्या किंवा रोख्यांच्या रूपाने, अशी तिची मांडणी केली गेली. हा पैसा इन्क्युबेटर, म्हणजे उद्योगसंगोपन केंद्र, यांच्या हातून आणि ठरलेले टप्पे पार पडतील तसतसा हप्त्यांनी द्यावयाचा, तसेच तो इमारती व सोयी उभारण्यात घालावयाचा नाही, असे नियम ठरले. नियम शहाणपणाचे आहेत. परंतु योजना नोंदलेल्या कंपनीसाठी आखलेली. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाची कंपनी कोठून असणार? विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'प्रयास' योजनेत एकट्या माणसालाही नमुन्यासाठी 10 लाखांपर्यंत साहाय्याची सोय केली गेली. पण तिच्या दारात जावयाचे, तरी हातात दाखविण्याजोगे काहीतरी लागतेच. त्या आधीची पायरी पन्नास-साठ हजारांची असते. ती कॉलेजाने आणि गावाने मिळून बांधावयाची आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातील चार विद्यार्थ्यांनी कांदाचाळीसाठी एक उपकरण योजले. चाळीतील उष्णता व दमटपणा मोजावयाचा आणि कांदा सडू लागण्यापूर्वी शेतकऱ्याला इशारा द्यावयाचा. कॉलेजाने 60,000 रुपये मंजूर केले. टाळ्या झाल्या, मोठ्या आकाराच्या धनादेशासह छायाचित्र निघाले. नंतर कार्यालयातून कळले की, आधी खर्च करा, पावत्या आणा, मग रक्कम मिळेल. चौघांपैकी एकाचे वडील डॉक्टर आहेत, दुसऱ्याचे बाजार समितीत हमाली करतात. पैसे पहिल्याने घातले. सुटे भाग त्याने आणले, ते त्याच्या घरी राहिले आणि निर्णयही तोच घेऊ लागला. हमालाचा मुलगा, ज्याला चाळ आतून ठाऊक होती, तो दोन महिन्यांत गळाला. कागदावर अनुदान चौघांना मिळाले. वस्तुतः ज्याला त्याची गरज नव्हती त्यालाच ते मिळाले. यात कोणी अफरातफर केली नाही. एका नियमाने एवढे घडले.

म्हणून पहिली गोष्ट ही की, पैसा उचल म्हणून आधी द्यावा. 1976 साली चितगाव विद्यापीठातील अध्यापक मुहम्मद युनूस यांनी शेजारच्या जोब्रा खेड्यातील 42 माणसांना स्वतःच्या खिशातून पैसे दिले. ते सारे मिळून सुमारे 27 डॉलर होते. ते कर्ज होते, अनुदान नव्हे. परंतु तारण न मागता आगाऊ हाती पडले, यातच त्याचे सामर्थ्य होते. आपल्या उदाहरणात पहिला हप्ता 15,000 चा, एक उपकरण जुळविण्यासाठी. दुसरा 25,000 चा, दोन चाळींत चाचणी घेण्यासाठी. आणि तिसरा 20,000 चा, सुधारलेली उपकरणे शेतकऱ्यांना वापरावयास देण्यासाठी, अशी वाटणी करता येईल. मागील हप्त्याचा हिशेब आला की आठवड्याच्या आत पुढचा हप्ता सुटावा. मुले पैसे उडवतील, असे कोणी म्हणेल. उडविलेच, तर पहिल्या हप्त्यापुरते उडवतील. साठातले पंधरा जातील. बँकेत वेगळे खाते ठेवावे आणि त्यावर मार्गदर्शक शिक्षक व एक विद्यार्थी अशा दोघांच्या सह्या असाव्यात.

दुसरी गोष्ट वेळेची. वाफसा निघून गेल्यावर पेरलेले बी कितीही उत्तम असले तरी उगवण हाती लागत नाही, हे येथे कोणास सांगावयास नको. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये चाळीत पडतो आणि त्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. मार्चअखेर पैसा खर्ची टाकण्याची कार्यालयाला घाई. त्याच सुमारास मुलांच्या डोक्यावर परीक्षा. फाइल फिरत राहून पैसा नोव्हेंबरात आला, तर चाळ रिकामी होत आलेली असते आणि मुलांचे वर्ष गेलेले असते. मंजुरी आणि पहिला हप्ता यांत एका महिन्याहून अधिक अंतर पडू देऊ नये.

तिसरी गोष्ट हिशेबाची. मुलांना कीर्द लिहावयास शिकवावे. धंद्याचे पहिले शिक्षण तेच आहे. मोठ्या वस्तूंसाठी दरपत्रके मागवावीत. परंतु भंगारबाजारातून घेतलेल्या तीनशे रुपयांच्या मोटारीला छापील पावती मागत बसू नये. सही व तारीख असलेली साधी चिठ्ठी पुरे. एस.टी.चे तिकीट हा खर्च मान्य असावा, कारण शेतकऱ्याकडे गेल्यावाचून उपकरण सुधारत नाही. जो विद्यार्थी संध्याकाळी दुकानात काम करून घर चालवितो, त्याला लहानसे विद्यावेतनही द्यावे. नाहीतर त्याचा वेळ आपण फुकट मागतो. टिकाऊ वस्तू जडवस्तूंच्या नोंदवहीत घालाव्यात. उपकरणाचे हक्क कोणाचे आणि पदवीनंतर कोण राहणार, कोण जाणार, हे पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

चौथी गोष्ट अपयशाची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. पैसा बुडणे आणि पैसा बुडविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. उपकरण चालले नाही, पण का चालले नाही हे मुलांनी लिहून दिले आणि हिशेब पुरा केला, तर ते अनुदान फळले असे समजावे. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्याच खड्ड्यात पडणार नाहीत. उलट उपकरण चालले आणि हिशेब नाही, तर पुढचा हप्ता थांबवावा. आपण बहुधा उलटे करतो. यशस्वी मुलाला हिशेब विचारीत नाही आणि अपयशी मुलाला चोरासारखे वागवितो. मग गरीब घरची मुले या वाटेला येतच नाहीत. श्रीमंत घरातील मुलाचे अपयश घरात जिरते. गरिबाच्या मुलाला मात्र ते जन्मभर ऐकून घ्यावे लागते.

हे सारे करावयाचे कोणी? सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखानदाराला आठवड्यातून दोन तास आपले लेथ यंत्र मुलांना वापरू देणे अशक्य नाही. मेन रोडवरचा व्यापारी महिन्यातून एकदा अर्धा तास बसून मुलांची कीर्द तपासू शकतो. त्याच्याइतका कडक आणि समजूतदार हिशेबनीस दुसरा मिळणे कठीण. 2027 चा सिंहस्थ धरून पाहिला, तरी या गावापुढे विद्यार्थ्यांनी हात घालावा अशी कामे थोडी नाहीत. येथून घरी गेल्यावर आपल्या माहितीच्या कॉलेजात एकच प्रश्न विचारावा: 'तुम्ही मुलांना पैसे आधी देता की नंतर?' 'नंतर' असे उत्तर आले, तर कामाला कोठून आरंभ करावयाचा हे आपल्याला कळले, असे समजावे.