तळ्याकाठी वही घेऊन बसलेला वनाधिकारी

तुमच्या गावात एखादा तरी म्हातारा असा असेल, की ज्याला बांधावरच्या प्रत्येक झाडाचे आणि पाखराचे नाव ठाऊक आहे. तो सांगू लागला की आपण म्हणतो, "असू द्या आजोबा, चहा घ्या." सरकारी नोकरीतला एक माणूस मात्र अशा म्हाताऱ्यांपुढे वही उघडून बसला आणि जन्मभर लिहीत राहिला. त्यांचे नाव मारुती चितमपल्ली.

जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, गाव सोलापूर. म्हणजे उन्हाच्या आणि गिरण्यांच्या मुलखातला हा मुलगा. शिक्षण तिथेच झाले. पुढे १९५८ ते १९६० या काळात कोइंबतूरच्या वन महाविद्यालयात त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि वनखात्यात रुजू झाले. नोकरीने त्यांना महाराष्ट्रभर फिरवले. पण त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते ते नवेगाव बांध.

तुम्ही हे तळे पाहिले आहे काय? आज ते गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. त्या दिवसांत तो मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. सात डोंगरांच्या मधोमध पाणी पसरलेले, आणि पाण्यात मालडोंगरीचे बेट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हे तळे बांधले असे सांगतात. यंत्र नाही, सिमेंट नाही. दोन डोंगरांमधली जागा नेमकी हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचा आणि जादा पाणी जायला सलंग काढायचा. अभियंत्याची पदवी नसलेल्या माणसांची ही विद्या! गोंडराजांनी कोहळ्यांना काशीकडून आणवले अशी त्या समाजात परंपरा आहे. कोलू पाटलांचा पुढे लोकांनी देव केला. कोलासूर म्हणून तळ्याजवळ त्यांचे ठाणे आहे. डोंगरांना सातबहिणी म्हणतात. त्या बहिणींच्या मदतीनेच बांध पुरा झाला, अशी श्रद्धा आहे. धान आणि ऊस पिकवणाऱ्याला देव कोण, हे यावरून कळते.

अशा ठिकाणी चितमपल्ली आले. दुसरा एखादा अधिकारी बंगल्यावर बसून फायली पाहता. यांनी गावातले जाणते माधवराव पाटील डोंगरवार यांच्याशी मैत्र जोडले. त्यांच्यासोबत रान तुडवले, तळ्यावर रात्री काढल्या. ढिवरांकडून माशांची आणि पाणपाखरांची, गोंडांकडून जनावरांची माहिती घेतली. कोणता पक्षी कधी येतो, घरटे कशाचे करतो, कोणत्या झाडाच्या मोहरावरून पावसाचा अंदाज बांधतात, हे सारे ते रोज टिपून ठेवीत. साहेबाने ढिवराला गुरू करायचे, ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. आजही नाही.

आणि नुसते ऐकून ते थांबले नाहीत. जुन्या ग्रंथांत पाखरांविषयी काय लिहिले आहे ते कळावे म्हणून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. तेराव्या शतकातल्या हंसदेवाचे 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणले. इंग्रजी पुस्तकांत बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला शब्द होता, आपल्याकडे नव्हता. त्यांनी 'सारंगागार' हा शब्द रूढ केला. 'पक्षिकोश' लिहिला. 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'नवेगावबांधचे दिवस' ही पुस्तके तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात बहुधा असतील. २००६ साली सोलापूरला भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा रानातले शब्द साहित्याच्या व्यासपीठावर चढले.

नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. रान राखले गेले, हे चांगलेच. पण एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. १९७२ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. रानात जाणे-येणे तुटले की रानाचे शब्दही घरात मुरत नाहीत. ज्या पिढीकडून चितमपल्लींनी वह्या भरल्या, तिच्या नातवंडांना यातले किती ठाऊक असेल? मालगुजारी १९५१ साली गेली, तळी सरकारजमा झाली, आणि कित्येक तळ्यांत गाळ साचला. पाळ कुठे खचते हे नजरेने ओळखणारी माणसे तळ्यांबरोबरच कमी झाली.

२०२५ साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी १८ जूनला, मृगाच्या पावसाच्या दिवसांत, सोलापुरात त्यांचे निधन झाले. वय ९२.

त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. गोंदियाकडे तेव्हा धान कापणीला आलेले असते. पावसाळ्यात त्याच बांध्यांमध्ये महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस घरटे करतात, आणि काही शेतकरी तेवढा तुकडा पायाखाली येऊ देत नाहीत.

तुमच्याकडे सारसाला, टिटवीला, पाणकोंबडीला काय म्हणतात? घरातल्या आजीला विचारा, आणि आम्हाला कळवा. पोस्टकार्ड पुरे.