खेळाच्या तासाला कोणीही बसून राहू नये

प्राथमिक शाळेत खेळाचा तास म्हटला की मुले आरडाओरडा करीतच वर्गाबाहेर पडतात. मात्र दहा मिनिटांनी मैदानावर निराळेच चित्र दिसते. चार-सहा चपळ मुले धावत असतात आणि बाकीची कडेला बसून मातीत रेघोट्या ओढत असतात. तास भरतो, पण व्यायाम किती मुलांना झाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. आठवड्यातून निदान ३ दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे उड्या मारणे, धावणे यांसारखे प्रकारही हवेत. शाळेचा तास जेमतेम ३५-४० मिनिटांचा. त्यातही मूल बसून राहिले तर उरले काय?

खो-खोचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. खेळ उत्तमच आहे. पण नियमाप्रमाणे खेळवला तर ८ जण पाटीवर बसतात, एक पाठलाग करतो आणि तिघे पळतात. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात एका वेळी धावणारी मुले फक्त ४! त्याऐवजी १०-१० मुलांचे चार गट करावेत. प्रत्येक गटात ५ जण बसतील, एक पाठलाग करील, ४ पळतील. आता एकाच वेळी २० मुले धावतात, आणि थोड्या वेळाने अदलाबदल केली की सर्वांनाच संधी मिळते.

दुसरी अडचण ‘बाद’ होण्याची. स्थूल, अशक्त किंवा लाजरे मूल सर्वांत आधी बाद होते आणि तासभर बसून राहते. ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. पुढे पुढे असे मूल खेळाचेच नाव टाकते. यावर उपाय आपल्याच जुन्या खेळांत आहे. विषामृतात ‘विष’ झालेल्याला सोबती ‘अमृत’ देऊन उठवतात. साखळीत पकडलेला गडी हात धरून पकडणाऱ्यांना मिळतो. लंगडीतही बाद झालेल्याने बाजूला एका पायावर दहा उड्या मारून पुन्हा आत यावे, असा नियम करता येतो. मात्र दोन्ही पायांनी आलटून पालटून लंगडी घालायला लावावी.

तासाची आखणी

पहिली ५ मिनिटे चालणे, हलके धावणे, हातपाय मोकळे करणे. पुढची १० मिनिटे एखादे कौशल्य: चेंडू झेलणे, दोरीवरच्या उड्या, तोल सांभाळणे. नंतर २० मिनिटे खेळ आणि शेवटची ५ मिनिटे सावकाश चालणे व दीर्घ श्वसन. साहित्याला पैसे लागत नाहीत. चिंध्यांचा चेंडू, सायकलीचे जुने टायर, सुती दोरी आणि आखणीसाठी चुन्याची फक्की पुरते. उठाबशा किंवा मैदानाला फेऱ्या ही शिक्षा कधीही देऊ नये. त्यामुळे व्यायाम म्हणजे शिक्षा, असे मुलाच्या मनात बसते.

खानदेशचे ऊन

जळगाव-धुळ्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे मार्चपासून खेळाचा तास सकाळचा पहिलाच ठेवावा. ऊन वाढल्यास झाडाखाली किंवा ओसरीवर ‘शिवाजी म्हणतो’सारखे खेळ घ्यावेत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की हीच सोय उपयोगी पडते. खेळापूर्वी, मध्ये आणि नंतर पाणी द्यावे. खिचडी खाल्ल्याबरोबर धावायला लावू नये. तसेच सकाळी उपाशी आलेली मुले कोण, हे गुरुजींनी व बाईंनी आस्थेने विचारावे.

मुलाला चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटल्यास सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे, घोट-घोट पाणी द्यावे. मूल बरळू लागले किंवा शुद्ध हरपली तर तोंडाने काहीही देऊ नये. अंग ओले करीत ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर भागातील आदिवासी समाजात सिकलसेल आजार आढळतो. अशा मुलाला खेळातून वगळू नये. त्याला भरपूर पाणी द्यावे, थकवा वाटताच बसू द्यावे आणि कडक ऊन व कडाक्याची थंडी यांपासून जपावे. किती खेळू द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. पालकांनीही मुलाचा दमा, हृदयाचा आजार वा फिट्स गुरुजींपासून लपवू नयेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ ने शाळेला मैदान व खेळाचे साहित्य असणे आवश्यक ठरवले आहे. पण मैदान असून भागत नाही, त्यावर मूल धावले पाहिजे. आज संध्याकाळी मुलाला ‘जिंकलास का?’ असे विचारू नका. ‘आज किती वेळ खेळलास?’ एवढेच विचारा.