चौकट : शेपूट जिरवून बसलेला नातेवाईक

तापी समुद्राला मिळते ती थेट सुरतेजवळ. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना हर्डमानिया हा समुद्री प्राणी भेटतो तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, समपृष्ठरज्जू प्राण्यांच्या यादीत.

बटाट्याएवढा गोळा, वर दोन तोंडं. एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. मध्ये गाळले जाणारे सूक्ष्म जीव हेच अन्न. डिवचलं की पिचकारी उडते. अंगावरच्या आवरणात चक्क वनस्पतींसारखं सेल्युलोज असतं, आणि हृदय मधूनमधून रक्त उलट्या दिशेनं ढकलू लागतं!

खरी गंमत मात्र बालपणात आहे. प्राणी उभयलिंगी, अंड्यातून बाहेर पडते ती बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखी अळी. तिच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे आधार देणारा लवचिक दांडा असतो. ती काही खात नाही, फक्त जागा शोधते. काही तास पोहून डोक्याकडून खडकाला चिकटते आणि शेपूट, पृष्ठरज्जू, मेंदूचा बराचसा भाग अंगातच जिरवून टाकते. पुढे आयुष्यभर मुक्काम तिथंच.

अशा प्राण्यांची गणना पूर्वी शिंपल्यांच्या गोतावळ्यात होई. रशियाच्या अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी १८६६ मध्ये त्यांच्या अळीतला पृष्ठरज्जू दाखवून दिला. २००६ च्या जनुकीय अभ्यासात तर हे गोळे पृष्ठवंशीयांचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक ठरले.