कर्नलचे कॉन्फिग: कुठे असते, कसे मिळवायचे

लिनक्सचे कर्नल कंपाइल करण्याआधी कोणते ड्रायव्हर, कोणत्या फाइलसिस्टिम आणि सुरक्षेच्या कोणत्या सोयी घ्यायच्या हे ठरते. हजारो ओळींचे हे निर्णय डॉट-कॉन्फिग या साध्या मजकुराच्या फाइलीत नोंदले जातात. कर्नल तयार झाले की ही नोंद आपोआप त्यातच राहते, असे अनेकांना वाटते. तसे नसते. त्यासाठी आयकेकॉन्फिग हा पर्याय कंपाइल करतानाच निवडावा लागतो. त्याच्या जोडीला आयकेकॉन्फिग-प्रॉक असेल तर चालू यंत्रावर /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड दिसते आणि झेडकॅटने वाचता येते. ही डिस्कवरची फाइल नव्हे. कर्नल ती आपल्या मेमरीतून दाखवते, म्हणून तिच्यात बदल करता येत नाही.

ती दिसली नाही म्हणजे कॉन्फिग हरवले, हा निष्कर्ष घाईचा आहे. डेबियन आणि उबुंटू आयकेकॉन्फिग बंद ठेवतात, पण /बूटमध्ये कर्नलच्या आवृत्तीच्या नावाने स्वतंत्र कॉन्फिग फाइल देतात. धाराशिव किंवा तुळजापूरच्या एखाद्या महाविद्यालयात उबुंटू वापरात असेल, तर ती /बूटमध्येच सापडेल. सी-डॅकची बॉस प्रणालीही डेबियनवर आधारलेली, म्हणून तिच्यातही आधी /बूट पाहावे. रास्पबेरी पायवर आयकेकॉन्फिग हा पर्याय मॉड्यूल म्हणून असतो. ‘मॉडप्रोब कॉन्फिग्ज’ दिल्यावर /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड प्रकट होते. अलीकडच्या अँड्रॉइड फोनांसाठी तर गूगलने आयकेकॉन्फिग आवश्यकच ठरवले आहे. कर्नल बूट होत नसेल, तरी सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग ही स्क्रिप्ट कर्नलच्या फाइलीतून नोंद बाहेर काढते; अर्थात ती मुळात आत घातलेली असेल तरच.

/बूटमधली फाइल मात्र डोळे झाकून खरी मानू नये. ती कर्नलपासून वेगळी असते आणि बदलली तरी कर्नलवर काही परिणाम होत नाही. अपडेटनंतर रीबूट केले नसेल, तर नवी फाइल आलेली असते आणि चालू असते जुनेच कर्नल. म्हणून आधी ‘यूनेम -आर’ने आवृत्ती पाहावी आणि त्याच आवृत्तीची फाइल उघडावी.

सर्वांत फसवी ओळ ‘इज नॉट सेट’ची. तिच्या सुरुवातीला हॅश असल्याने ती निव्वळ टिप्पणी वाटते आणि फाइल नीटनेटकी करण्याच्या नादात उडवली जाते. प्रत्यक्षात हा स्पष्ट नकार असतो आणि बांधणीची यंत्रणा तो तसाच वाचते. ओळ गेली की पर्याय अनुत्तरित ठरतो: ‘मेक ओल्डकॉन्फिग’ पुन्हा विचारते, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ मात्र न विचारता डीफॉल्ट लावते, आणि तो होकारही असू शकतो. तसेच पर्यायापुढे ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्ये थेट समाविष्ट, तर ‘एम’ म्हणजे मॉड्यूल म्हणून तयार. ते या क्षणी लोड झालेले आहे की नाही हे ‘एलएसमॉड’ सांगते.

कॉन्फिग हाती आले म्हणजे तेच कर्नल पुन्हा बनेल, असेही नाही. त्यासाठी तोच सोर्स, तेच पॅच आणि तोच कंपायलर लागतो. जुने कॉन्फिग नव्या सोर्सवर चालवले, तर नाव बदललेले किंवा काढून टाकलेले पर्याय गळून पडतात. म्हणून ओल्डडेफकॉन्फिगनंतर सोर्समधल्या डिफकॉन्फिग स्क्रिप्टने जुनी आणि नवी अशा दोन्ही कॉन्फिग फाइली पडताळाव्यात.